पाठीत दुमडलेला खिळा

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. तुमच्या वर्गात दाराशेजारी जो तपकिरी फलक टांगलेला आहे, ज्यावर तुमची चित्रं, वेळापत्रक आणि हरवलेल्या डब्यांची यादी लावलेली असते, तो फलक म्हणजे मीच. तुम्ही मला फलक म्हणता, खुशाल म्हणा. मी मात्र स्वतःला अजून फळीच समजते. माझं सगळं आयुष्य फळी म्हणून गेलं आणि माझा राग आहे तोही फळीचाच आहे.

हो, मी रागावलेली आहे. स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार सोशिक असतात. झिजतात, रडतात आणि शेवटी सगळ्यांना आशीर्वाद देऊन मोकळ्या होतात. मला ते जमायचं नाही. काल दुपारी तुमच्या बाईंनी जे केलं, ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय केलं ते शेवटी सांगते. आधी सगळं ऐकून घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून ही केवढी भांडते.

झाड होते तेव्हाचं मी फार सांगत नाही. पानं होती, पाखरं होती, मग करवत आली. वखारीत माझी फळी झाली, सव्वा हात रुंद आणि सात हात लांब. तिथून मला एका बांधकामावर नेलं. तुमच्या डोक्यावर हे जे छत आहे ना, ते ओततात तेव्हा खिचडीसारखं पातळ असतं. ते घट्ट होईपर्यंत कुणीतरी खालून धरून ठेवावं लागतं. ते काम आम्ही फळ्या करतो. खाली टेकू, टेकूंवर आम्ही आणि आमच्यावर ओलं काँक्रीट. याला सेंटरिंग म्हणतात. छत वाळलं की आम्हाला काढतात आणि वरच्या मजल्यावर चढवतात. मी अशी अकरा छतं धरली. त्या छतांखाली आज माणसं जेवतात, झोपतात, भांडतात. आपल्या डोक्यावरचं छत आधी कोणी धरलं होतं, हे त्यांना ठाऊकही नसेल.

आम्हाला लावण्या-काढण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, ते मिस्त्री डावखुरे होते, म्हणून सगळे त्यांना डावखुरे मिस्त्रीच म्हणत. कमी बोलत, पण हात असा सफाईदार की आम्ही फळ्या त्यांच्यावर जीव टाकायचो. त्यांचा एक नियम होता. रोज संध्याकाळी पाच वाजले की ते हातातलं काम खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "खिळ्यांची वेळ झाली." मग अर्धा तास दुसरं काही नाही. दिवसभरात उतरवलेल्या प्रत्येक फळीतला प्रत्येक खिळा अंबुराने, म्हणजे खिळे ओढायच्या पकडीने, धरून उपटायचा आणि डब्यात टाकायचा. त्यांची भाची तिथेच घमेली वाहायची. ती दगडावर ठेवून एकेक खिळा सरळ करायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा कामाला यायचा. कुणी कंटाळलं तर मिस्त्री एवढंच म्हणायचे, "ठोकलेला खिळा उपटल्याशिवाय काम संपत नाही." आम्हा फळ्यांना ती अर्ध्या तासाची वेळ फार आवडायची. दिवसभर अंगात रुतलेलं सगळं निघून जायचं.

मग नवे सुपरवायझर आले. ते बोलताना माणसाकडे न बघता मनगटाकडे बघायचे, म्हणून घमेली वाहणाऱ्या बायकांनी आठवड्याच्या आत त्यांचं नाव घड्याळसाहेब पाडलं. पहिल्याच संध्याकाळी ते अंबुरांचा आवाज ऐकून आले.

"मिस्त्री, हे काय दळण दळत बसलात? फळी काढली, वर चढवली, विषय संपला. खिळे राहिले तर राहिले."

"साहेब, वर आलेला खिळा कुणाच्या तरी पायात जाईल."

"मग बूट घालायला सांगा सगळ्यांना."

"बूट दिलेत कुठे?" मिस्त्री म्हणाले.

बायका पदराआड हसल्या. घड्याळसाहेबांना ते झोंबलं, आणि खिळ्यांची वेळ त्या दिवसापासून बंद झाली. पाचनंतरचा तो अर्धा तास दुसऱ्या कामात घातला गेला. आम्ही खिळ्यांसकट वर चढू लागलो आणि आमच्या पाठीतून टोकं बाहेर डोकावू लागली.

चौथ्या दिवशी भाचीचा पाय एका टोकावर पडला. डोक्यावर भरलेलं घमेलं, पायात झिजलेली चप्पल. खिळा चपलेतून आरपार गेला. तिने घमेलं आधी नीट खाली ठेवलं आणि मग ओरडली. पाय भोपळ्यासारखा सुजला, तीन आठवडे ती भिंतीला धरून चालत होती. आजही थंडीत लंगडत असेल. तो खिळा माझा नव्हता, शेजारणीचा होता. पण मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की पाच वाजता नुसता अर्धा तास थांबले असते तर तो डब्यात असता.

घड्याळसाहेबांशी मिस्त्री भांडले नाहीत, आणि माझ्या रागाची खरी सुरुवात इथे होते. त्यांनी दुसरीच युक्ती काढली. पाठीतून वर आलेलं प्रत्येक टोक त्यांनी आकड्यासारखं वळवायला सुरुवात केली. मग दोन घाव घालून ते लाकडातच असं बसवायचे की वरून तळहात फिरवला तरी खरचटू नये. एका खिळ्याला पाचसहा क्षण लागायचे. घड्याळसाहेबांना कळायचंही नाही.

भाचीने विचारलंसुद्धा, "मामा, उपटूनच का नाही टाकत?"

"वेळ देतंय कोण? निदान कुणाला लागू नये म्हणून एवढं तरी करतो."

माझ्या डाव्या टोकापासून हातभर अंतरावर एक खिळा होता. तोही त्यांनी असाच दुमडून माझ्या पाठीत ठोकला. खरं सांगते, तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. केवढा मायाळू माणूस, असं वाटलं होतं. आता ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

अकरावं छत झालं तोवर माझे कोपरे फुटले होते आणि अंगावर सिमेंटचे पापुद्रे चढले होते. एका सकाळी दोघांनी मला उचललं आणि मागच्या ढिगाऱ्यावर भिरकावलं. ढिगाऱ्यात काय नव्हतं! फुटक्या फरशा, रंगाचे अर्धे डबे, प्लॅस्टर, तारा, कुणाच्या तरी डब्यातली उरलेली भाजी आणि त्यात मी. काल ज्यांनी माझ्यावर उभं राहून छत ओतलं, ते आज माझ्यावर चहाचा गाळ टाकत होते. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी तिथे शिकले. माझ्या तीन बहिणी पहारेकऱ्याच्या शेकोटीत गेल्या. त्यांना रंग लागलेला होता, त्याच्या काळ्या धुराने खोकत खोकतच त्याने हात शेकले. बाकीच्या कुठल्याशा खड्ड्यात पुरल्या गेल्या. पन्नास वर्षं वाढलेलं झाड, चार वर्षं वापरलेली फळी आणि शेवटी खड्डा! मित्रांनो, याचा राग यायला नको का?

मी वाचले, कारण एक ट्रक आला. गावाबाहेर एक कारखाना होता. तिथे लाकडाचे तंतू करून त्यांचे फलक बनवत. पूर्वी तिथे ताजी झाडं तोडून आणत. पण तिथल्या निवडणीच्या शेडमध्ये सहा बायका होत्या आणि त्यांची मुख्य होती आक्का. वय पन्नाशीचं, आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. आक्का मालकांच्या मागे लागली होती, "साहेब, उभी झाडं कशाला तोडता? बांधकामांवर ढिगांनी लाकूड सडतंय. ते आणा. आम्ही सहाजणी निवडून देतो."

मालक म्हणाले होते, "त्यात लोखंड असतं आक्का. एक खिळा यंत्रात गेला तर सगळं बंद पडेल."

"गेला तर मला विचारा," आक्का म्हणाली होती. या एका शब्दावर ती शेड चालू होती. तो शब्द मोडला, तर सहाजणी घरी बसणार होत्या.

शेडमध्ये एक लांब पट्टा सरकत असे. वर भलंमोठं चुंबक टांगलेलं होतं. सुटे खिळे ते टपाटप उचलायचं. पण लाकडात रुतून बसलेला खिळा काही त्याला ओढून काढता येत नाही, आणि अख्खी फळी उचलण्याएवढी ताकदही त्याच्यात नसते. म्हणून बायका हाताने तपासत. आक्काची पद्धत ठरलेली होती. लहान हातोडीने सिमेंटचा पापुद्रा टकटक करून पाडायचा, मग हातमोजा काढून उघडा तळहात फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. आधी पोटावरून, मग पाठीवरून. ती म्हणायची, "डोळा फसतो गं, तळहात फसत नाही."

माझी पाळी आली. तिने माझे पापुद्रे पाडले. सहा खिळे सापडले, तिने सहाही उपटले. मग मला उलटवलं आणि पाठीवरून तळहात फिरवला. हातभर अंतरावर तो सातवा खिळा होता. त्याचं डोकं पोटाकडून आत बुडालेलं, टोक पाठीत वळून गाडलेलं आणि दोन्हींवर लाकडाच्याच रंगाचा सिमेंट-तेलाचा पातळ थर. आक्काचा हात त्याच्यावरून गेला आणि पुढे सरकला. एखाद्या अडाण्याने तो कसातरी वाकवला असता तर तिला नक्की टोचला असता. पण डावखुऱ्या मिस्त्रींचं काम चोख होतं. चांगल्या कारागिराचा हात चांगल्या तपासणारीच्या हाताला फसवून गेला. मला ओरडता येत असतं तर मी तेव्हा ओरडले असते.

पुढे तुकडे करणारं यंत्र होतं. बायका त्याला खादाड म्हणत. खादाडाने मला उजव्या टोकाकडून गिळायला सुरुवात केली. माझा जवळजवळ सहा हात भाग भुगा झाला आणि मग पातं खिळ्यावर आलं. एवढा मोठा आवाज झाला की चहाच्या किटलीचं झाकण उडालं. पात्याचं टोक मोडलं, मी अडकले आणि मोडक्या पात्याचा एक तुकडा मागे उडून पट्ट्याशी उभ्या असलेल्या आक्काच्या डाव्या भुवईवर बसला. दीड बोट खाली बसला असता तर तो डोळा गेला होता.

ती खाली बसली. सगळं तोंड रक्ताने भरलं. बायकांनी पदर दाबून धरले. मालक धावत आले, त्यांनी आधी यंत्र पाहिलं, मग आक्काला.

"नजर कुठे होती तुमची?"

"हात फिरवला होता साहेब."

"हात फिरवून झालं का? गेला तर मला विचारा म्हणाला होतात ना? आता विचारतोय!"

दवाखान्यात पाच टाके पडले. दुसऱ्या दिवशी मालकांनी सांगितलं की बांधकामाचं लाकूड बंद, पुन्हा ताजी झाडं मागवायची. दोघीजणींना त्यांनी लगेच घरी पाठवलं. एकीच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, दुसरी सासूला सांभाळणारी. बाकीच्या चौघींना म्हणाले, "आठ दिवस बघतो." म्हणजे ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनी भोगलं, आणि घड्याळसाहेब तिकडे मनगट बघत मजेत होते.

आक्काने यंत्रातून निघालेला माझा उरलेला तुकडा मागून घेतला. त्यात तो खिळा अर्धा तुटून अजून रुतलेला होता. कपाळाला पट्टी, काखेत मी. तशीच ती मला आणणाऱ्या त्या ट्रकमध्ये चढली आणि माझ्या जुन्या बांधकामावर येऊन उतरली.

"ही फळी तुमची," ती म्हणाली. "हा खिळा कोणी दुमडला?"

घड्याळसाहेब पुढे आले. "अहो बाई, खिळे सगळे सारखेच असतात. कुणाचा कोण ओळखणार? चला, उद्या स्लॅब आहे, गर्दी करू नका."

पण तोवर डावखुऱ्या मिस्त्रींनी मला तिच्या हातातून घेतलं होतं. पाठीवरून अंगठा फिरवला. खिळ्यापाशी अंगठा थांबला.

"हा माझा आहे," ते म्हणाले.

"मिस्त्री, गप्प बसा की! तिला काय कळतंय?"

"तिला नसेल कळत. मला कळतंय ना साहेब." मग ते आक्काकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला होता. "आक्का, कुणाला लागू नये म्हणून दुमडला होता."

आक्काने कपाळावरची पट्टी वर केली. भुवई सुजून काळीनिळी झाली होती, टाके दिसत होते.

"लागला," ती म्हणाली.

काँक्रीटचं यंत्र कुणीतरी बंद केलं. भाची लंगडत आली आणि तिने मामांच्या हातात अंबूर दिलं. मिस्त्री तिथेच उकिडवे बसले, मला गुडघ्यांत धरलं आणि पटाशीने खिळ्याभोवतीचं लाकूड कोरायला लागले. फार दुखलं. आत गंज धरलेला, आकड्यासारखा वळलेला खिळा सहजासहजी कसला निघतोय! ठोकायला पाच क्षण लागले होते, काढायला पाव तास लागला. निघाला तेव्हा त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. त्यांनी तो आक्काच्या तळहातावर ठेवला.

मग ते उठले आणि त्यांनी आपला हातोडा घड्याळसाहेबांच्या बुटांपाशी ठेवला.

"खिळ्यांची वेळ परत पाहिजे. आणि लाकडाचा ढीग वेगळा. त्यात प्लॅस्टर नको, रंग नको, शेकोटी नको."

"आणि नाही दिली तर?"

"तर उद्याचे टेकू मी तपासणार नाही. टेकू तपासल्याशिवाय वर काँक्रीट ओतायची हिंमत असेल तर तुम्ही स्वतः खाली उभे राहा आणि ओतून घ्या."

"धमकी देता मला?"

"नाही साहेब. घड्याळ बघा. किती वाजले?"

सवयच ती! घड्याळसाहेबांनी मनगट पाहिलं. पाच वाजून गेले होते. सगळे कामगार त्यांच्याकडे बघत उभे होते, आणि सगळ्यात पुढे भाची. साहेब "करा काय करायचं ते" असं पुटपुटत निघून गेले. जाताना हातोड्याला अडखळले तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "साहेब, जपून, लागेल." हसू दाबायचा कुणी प्रयत्नही केला नाही.

आठ दिवसांच्या आत स्वच्छ लाकडाचा पहिला ट्रक कारखान्यात गेला. मालकांनी स्वतः उभं राहून तो तपासला आणि बांधकामाचं लाकूड चालू ठेवलं. चौघी राहिल्या. त्या दोघींना मात्र परत बोलावलं नाही. "बघू पुढे," एवढंच म्हणाले. ते पुढे काही आलं नाही. तुम्हाला वाटलं असेल की आता सगळं गोड झालं आणि हिचा राग गेला. त्या दोघींचं काय, ते आधी मला सांगा.

मी आक्काबरोबर परत आले होते. या खेपेला तिने माझ्या पाठीवरून दोनदा हात फिरवला आणि मग स्वतः मला पट्ट्यावर ठेवलं. खादाडाने माझे तुकडे केले. मला धुतलं, वाफवलं, दोन खरबरीत चकत्यांमध्ये दळून माझे धागे मोकळे केले. त्या धाग्यांचं पाण्यात सरबरीत पीठ झालं. कुठल्या दाराच्या चौकटीचे, कुठल्या खोक्याचे, अनोळखी लाकडांचे धागे माझ्यात मिसळले. जाळीवर पाणी निथळलं, वरून दाब आला, मग ऊब. वेगळा डिंक घातला नाही, आम्हीच एकमेकांना घट्ट धरून राहिलो. वाळून निघाले तेव्हा मी हलकी, मऊ आणि सपाट झाले होते. एका झाडाचा जीव माझ्यामुळे वाचला असेल, याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

मग मी तुमच्या वर्गात आले. पहिल्या दिवशी बाई तुम्हाला म्हणाल्या, "बघा मुलांनो, टाकाऊतून टिकाऊ!" तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला बरं वाटलं आणि रागही आला. मी टाकाऊ कधी होते? मला टाकलं होतं.

आता कालचं सांगते. बाईंनी माझ्यावरचा ऋतूंचा तक्ता काढला. म्हणजे ओढला. कागद निघाला, पण स्टेपलरच्या पिना माझ्यातच राहिल्या. एक पीन अर्धी सुटून बाहेर लोंबत होती. बाईंनी ती पाहिली. मला वाटलं, आता त्या नखाने ती काढतील, एक क्षणाचं तर काम! पण घंटा झाली होती. त्यांनी पायातली चप्पल काढली, टाचेने ती पीन ठोकून माझ्यात पार गाडली आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "मुलांच्या हाताला लागू नये म्हणून."

अगदी तेच शब्द, मित्रांनो! तुमच्या बाई वाईट नाहीत. डावखुरे मिस्त्रीही वाईट नव्हते. म्हणून तर माझा संताप संताप होतो. दुष्ट माणसाला निदान चार शब्द सुनावता येतात. पण प्रेमाने दुमडणाऱ्याला काय बोलायचं? आपल्यासमोरच्या माणसाला लागू नये एवढीच यांची नजर. पुढे कुणाला लागेल, ते त्यांच्या वर्गात दिसत नाही, त्यांच्या मजल्यावर दिसत नाही.

माझ्यात अशा त्रेसष्ट पिना आहेत. मी रोज मोजते. एक दिवस माझे कोपरे पुन्हा फुटतील, तुम्ही मला काढाल, आणि मी पुन्हा त्याच शेडमध्ये, त्याच पट्ट्यावर जाईन. तिथे डाव्या भुवईवर व्रण असलेली एक बाई हातमोजा काढेल आणि उघडा तळहात माझ्यावरून फिरवेल. तिचा आपल्या तळहातावर अजून विश्वास आहे. त्रेसष्ट जागी तो तिला फसवणार आहे.

तेव्हा मला तुमच्या टाळ्या नकोत. तुमच्यापैकी कुणाची तरी नखं आज कापायची राहिली असतील, कुणाच्या दप्तरात चिमटा असेल, कुणाकडे बोथट कात्री असेल. बाईंनाही हाक मारा, त्या ओरडल्या तरी मारा. ठोकलेला खिळा उपटल्याशिवाय काम संपत नाही, असं डावखुऱ्या मिस्त्रींनी सांगितलंय म्हणून त्यांना सांगा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. शाळा सुटायला अर्धा तास आहे.

उठा. खिळ्यांची वेळ झाली.